कलम, यात्रा की जैनी?

लग्नपत्रिकेवरची नावं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, घरगुती मसाल्याचं लेबल. हाताने लिहिल्यासारखं अक्षर हवं असतं आणि सुलेखनकाराकडे जायला वेळ नसतो, तेव्हा मी गूगल फॉन्ट्सवरचे हे तीन फॉन्ट आधी उघडते. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, विकायच्या मालावरही बिनधास्त छापा.

इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' म्हणजे वहीत भरभर लिहिलेलं, किंचित कललेलं अक्षर. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या जाड्या, मिळतात, म्हणून शीर्षकाखालच्या दोन-तीन ओळीही त्यातच लावता येतात. लोणच्याच्या बरणीवर तो शोभतो. पत्रिकेवर मात्र मी तो लावणार नाही, तिथे तो फारच घाईत लिहिल्यासारखा वाटतो.

'यात्रा वन' आला आहे मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. वजन एकच, पण ठसठशीत, त्यामुळे दुकानाची पाटी किंवा नाटकाचं पोस्टर लांबूनही वाचता येतं. मला त्यातली रोमन अक्षरं विशेष आवडतात. देवनागरी आणि रोमन लिहिताना रुंद टोकाच्या लेखणीचा तिरका काप उलटसुलट असतो, म्हणून दोन्ही लिप्या शेजारी आल्या की जाड-बारीक रेघांचं सहसा जमत नाही. इथे रोमनलाही देवनागरीचाच काप दिला आहे. मराठी-इंग्रजी पाटी करायची असेल तर माझं मत यालाच.

'जैनी' फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चा, 'कल्पसूत्र' या जैन ग्रंथाच्या १५०३ सालच्या हस्तलिखितावर बेतलेला. बोरूचा भरीव फटका त्यात दिसतो. त्याचाच भाऊ 'जैनी पूर्वा' अक्षरांची जुनी वळणं जपतो. ती देखणी आहेत, पण पत्रिकेवरचा पत्ता आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना वाचता यायला हवा, तेव्हा साधा जैनीच घ्या, आणि तोही फक्त नावांपुरता.

कोणताही निवडलात तरी आधी 'कैऱ्या, शाळा, लाल, ॲप, ऑफिस' टाइप करून बघा. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी करून पाहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं बदलतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे पडली तर दोष बहुधा मजकुराच्या सेटिंगचा असतो, फॉन्टचा नव्हे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात.

शब्दात एकच अक्षर दोनदा येत असेल, जसं 'मामा' किंवा 'काकी', तर दोन्ही हुबेहूब सारखी उमटतात आणि हाताने लिहिल्याचा भास तिथेच संपतो. पत्रिकेवर ते खपून जातं. पण वर्षानुवर्षं दारावर राहणार असलेल्या नावात असं अक्षर असेल, तर तेवढं एक नाव सुलेखनकाराकडूनच लिहून घ्या.