अस्तित्वात नसलेल्या दोन रेजिमेंटची रंगचित्रे

नेपोलियनच्या हलक्या घोडदळातील हिरव्या कोटाचे स्वार, म्हणजे शासर आ शेव्हाल, मिनिएचर सैनिकांच्या रूपात रंगवणाऱ्यांसाठी हा अनुभव मी तपशिलाने लिहीत आहे. ज्या विक्रेत्याने मला फसवले त्याचे नाव येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण तोच माल वेगळ्या वर्णनाखाली पुन्हा विक्रीला आलेला मी पाहिला आहे.

या घोडदळाच्या गणवेशाची रचना वरवर पाहता सोपी आहे. कोट सर्वांचा हिरवा, आणि रेजिमेंट ओळखायची ती कॉलर व कफ यांच्या रंगावरून. तीन-तीन रेजिमेंटना मिळून एक ओळखरंग दिलेला होता: पहिल्या तीन रेजिमेंटना भडक लाल, 4 ते 6 यांना पिवळा, 7 ते 9 यांना गुलाबी, असा तो क्रम पुढे जातो. गटातील पहिल्या रेजिमेंटची कॉलर आणि कफ दोन्ही ओळखरंगात, दुसरीची कॉलर हिरवी आणि कफ ओळखरंगाचे, तर तिसरीचे नेमके उलट. हे सूत्र एकदा लक्षात आले की रंगवणाऱ्याला सगळे हाती आल्यासारखे वाटते, पण खरी अडचण नारिंगी छटांपाशी सुरू होते. 13 ते 15 या रेजिमेंटचा रंग नारिंगी, 19 ते 21 यांचा ऑरोर (पहाटेच्या आभाळासारखा फिकट नारिंगी) आणि 22 ते 24 यांचा कापुसीन (तांबूस नारिंगी). हे तिन्ही रंग एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की 28 मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या कॉलरवर त्यांतील फरक कसा दाखवावा, हा प्रश्न अनुभवी रंगकर्मीलाही सुटत नाही. नियमावली रंगाचे नाव सांगते, छटा दाखवत नाही. कापड वनस्पतिजन्य आणि कीटकजन्य रंगांत रंगवले जाई, त्यामुळे एका घाण्यातील छटा दुसऱ्या घाण्यात तंतोतंत उतरत नसे. टिकून राहिलेल्या कोटांवरही पूर्ण विसंबता येत नाही. त्या काळी हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून तयार करीत, आणि पिवळा आधी उडत असल्यामुळे आज संग्रहालयातला हिरवा कोट पुष्कळदा निळसर दिसतो.

याच अनिश्चिततेचा फायदा त्या विक्रेत्याने घेतला. आपल्या कुटुंबाच्या संग्रहात 1807 साली छावणीत प्रत्यक्ष पाहून काढलेली, हाताने रंगवलेली कोरीव चित्रे असून त्यांत शासरच्या 1 ते 26 या सर्व रेजिमेंटचा स्वार, अधिकारी आणि बिगूलवाला आहे, असे त्याचे म्हणणे होते. सर्व पानांच्या मोठ्या आकारातील प्रतिमा, दोन मूळ पाने आणि प्रत्येक रंगाला आजचा कोणता ॲक्रिलिक रंग जुळतो याचा क्रमांकासह तक्ता, असा संच तो देणार होता. विश्वास बसावा म्हणून त्याने पहिली, चौथी आणि सातवी या रेजिमेंटची पाने आधी विनामूल्य पाठवली. मी ती माझ्याजवळच्या साधनांशी ताडून पाहिली आणि ती अचूक निघाली. त्याने हीच तीन पाने का निवडली हे नंतर कळले. गटातील पहिल्या रेजिमेंटचे रंग कोणत्याही सामान्य संदर्भात सापडतात, तेव्हा तेथे चूक होण्याचा संभवच नव्हता.

त्यासोबत एका तज्ज्ञाचे म्हणून एक पत्रही होते. पत्राची भाषा भारदस्त होती, मात्र कागदाची तपासणी, छपाईचा प्रकार किंवा पूर्वीचे मालक यांविषयी त्यात एक ओळही नव्हती. मग दुसरा ग्राहक थांबलेला असल्याचे सांगून, आणि विक्रीस्थळाचे शुल्क वाचेल अशी सबब देऊन, त्याने संपूर्ण रक्कम थेट बँक खात्यात आगाऊ मागितली. रक्कम पोहोचली, संचही आला. फसवणुकीचा हा प्रकार ओळखण्यास अवघड असतो तो यामुळेच. पैसे घेऊन माल न देणारा ठक लगेच उघडा पडतो, पण बनावट माल वेळेवर देणाऱ्यावर संशय यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत तक्रारीची मुदत निघून गेलेली असते.

संशयाची सुरुवात चित्रे क्रमांकाने लावताना झाली. संचात 17 व्या आणि 18 व्या रेजिमेंटचीही पाने होती, तीही अधिकारी आणि बिगूलवाल्यासह. 1807 साली नेपोलियनच्या सैन्यात शासरच्या रेजिमेंटचे क्रमांक 26 पर्यंत जात असले तरी 17 आणि 18 हे क्रमांक रिकामे होते. म्हणजे ज्या रेजिमेंट नव्हत्याच, त्यांच्या स्वारांना कोणीतरी 1807 साली छावणीत पाहिले होते! सोळाव्या रेजिमेंटचा ओळखरंग आकाशी. तेच सूत्र पुढे चालवले की सतरावीचे आकाशी कफ आणि अठरावीची आकाशी कॉलर कागदावर आपोआप तयार होतात. चित्रकाराने सैनिक पाहिले नव्हते, फक्त तक्ता भरला होता.

त्यानंतर प्रत्येक पान नव्या नजरेने पाहिले. 1807 साल घातलेल्या चित्रांत कोट आखूड, कमरेपर्यंत बंद होणारा होता, पण त्या धाटणीचा कोट 1812 च्या, बार्दँच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीने आला. बिगूलवाल्यांचे गणवेश तर सर्वच्या सर्व उलट रंगांचे, म्हणजे कोट ओळखरंगाचा आणि कॉलर-कफ हिरवे, अशा अगदी ठरावीक साच्यातले होते. प्रत्यक्षात 1812 मध्ये शाही हिरवा गणवेश ठरेपर्यंत बिगूलवाल्यांचा पोशाख बराचसा कर्नलच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि म्हणूनच त्यांच्याविषयीचे पुरावे इतके तुटक आणि परस्परविरोधी आहेत. फ्रेंच अंमलाखालील हॅम्बुर्गमध्ये तेथील चित्रकार सूर बंधूंनी शहरातून जाणारे सैनिक पाहून जी चित्रे काढली, त्यांत नियमावलीशी न जुळणाऱ्या गोष्टी जागोजागी दिसतात. प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांत असा खडबडीतपणा असतोच, आणि ज्या संचात एकही जागा मोकळी नाही, एकही तपशील संशयास्पद नाही, त्याच्याकडे मी आता सर्वांत जास्त संशयाने पाहतो.

मूळ म्हणून आलेल्या दोन पानांचा निकाल भिंगाने लावला. ताम्रपटावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो, तो येथे नव्हता. हाताने दिलेला जलरंग रेषेबाहेर थोडा सांडतो आणि कडेला दाट होतो. येथे लाल, निळे, पिवळे आणि काळे बारीक ठिपके नियमित रांगांत होते, म्हणजे ती आधुनिक छपाई होती. अतिनील किरणांच्या छोट्या विजेरीखाली कागद निळसर पांढरा चमकला. कागदाला अशी चमक देणारी रसायने विसाव्या शतकातली आहेत. कडांवरचा तपकिरी जुनेपणा पाण्याच्या ओल्या बोळ्याने उतरला.

ही निरीक्षणे छायाचित्रांसह विक्रेत्याला कळवून रक्कम परत मागितली. प्रथम त्याने 17 आणि 18 या रेजिमेंट काही काळ होत्या असे ठामपणे सांगितले. त्याचा पुरावा आणि पानांच्या मागच्या बाजूची छायाचित्रे मागितल्यावर उत्तरे बंद झाली आणि विक्रीस्थळावरचे त्याचे खातेही नाहीसे झाले. रक्कम मी स्वतःहून पाठवलेली असल्याने बँकेने ती परत मिळवून देण्यास असमर्थता दर्शवली. लेखी तक्रार केली आहे, तिचा निकाल लागलेला नाही.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या नुकसानीची अधिक चिंता आहे. या संचातील कापुसीन आणि ऑरोर यांच्या छटा इतरांनी रंगवलेल्या सैनिकांवर उतरू लागल्या आहेत, आणि उद्या ते सैनिकच पुरावा म्हणून दाखवले जातील. तेव्हा जुने चित्र म्हणून काही विकत घेण्यापूर्वी पानाच्या मागच्या बाजूचे आणि तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र मागावे. नमुना विक्रेत्याला निवडू न देता 14, 20 किंवा 23 अशा गटाच्या मधल्या रेजिमेंटचा मागावा, आणि पैसे वाद नोंदवता येईल अशाच मार्गाने द्यावेत. एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. नव्या जाहिरातीत विक्रेत्याने 17 आणि 18 ही पाने गाळली असून संच 24 रेजिमेंटचा केला आहे. त्यामुळे तेवढ्या एका खुणेवर अवलंबून राहू नये. साल मात्र अजून 1807 आहे, आणि कोट अजून 1812 चाच आहे.