सॅन्सॅम्प बास ड्रायव्हर डीआय, दुसरी आवृत्ती: सुपारीवर न्यावा, पण फँटमच्या भरवशावर नको

ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्याला मंचावर ॲम्प मिळेलच याची खात्री नसते. कुठे साऊंडवाले जुना १५ इंची कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आणून ठेवतात, कुठे "लाइन देतो, मॉनिटरमध्ये ऐका" म्हणून मोकळे होतात. आवाज कसा लागेल हे मग मिक्सरच्या त्या एका चॅनेलवर. टेक २१ या न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या कंपनीचं हे पेडल नेमकं अशा वाजवणाऱ्याच्या कामाचं आहे. प्रीॲम्प, कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) भास देणारं सर्किट आणि बास थेट मिक्सरला जोडणारा डीआय बॉक्स, तिन्ही एका धातूच्या डबीत. स्वतःचा चांगला ॲम्प गाडीत घालून फिरत असाल आणि साऊंडवाले नेहमीचे असतील, तर एवढा खर्च करायची गरज नाही. दर सुपारीला, म्हणजे पैसे घेऊन वाजवायच्या कार्यक्रमाला, साऊंड वेगळा असेल तर जरूर विचार करा.

पहिली आवृत्ती नव्वदच्या दशकातली. तिच्यात सहा नॉब होते आणि मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉबच नव्हता. सॅन्सॅम्पचं सर्किट मुळातच मधल्या पट्ट्याला खड्डा पाडतं. एकट्याने वाजवताना तो खड्डा कानाला गोड लागतो. खाली घुमतंय, वर चकाकतंय, वाटतं झालं काम. मग कीबोर्डवाल्याचा डावा हात, ढोलकीची धूम आणि ऑक्टोपॅडचा किक सुरू झाला की बास असतो, पण कोणता सूर वाजतोय ते समोर कळत नाही. नवीन आवृत्तीत सातवा नॉब मिडचा आहे, शिवाय दोन छोटे स्विच: मिडची जागा ५०० की १००० हर्ट्झ, आणि बेसची (खालच्या आवाजाची) जागा ४० की ८० हर्ट्झ. खरेदीचं निम्मं कारण हे दोन स्विचच.

बेसच्या स्विचचा संबंध थेट पट्टीशी आहे. गायकाची पट्टी काळी एक असली तर चार तारांच्या बासवर तुमचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. त्याखालचा पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ५२ हर्ट्झ. पाच तारांचा बास असेल आणि बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून खर्जाचा सा लावलात तर मूळ कंप ३५ हर्ट्झच्या खाली जातो. नुसत्या १२ किंवा १५ इंची टॉपवर (मुख्य स्पीकरवर) चालणाऱ्या छोट्या हॉलमध्ये हा सा मूळ रूपात येतच नाही. श्रोत्याला त्याचे वरचे स्वरांश ऐकू येतात आणि कान बाकीचं भरून काढतो. अशा ठिकाणी स्विच ४० वर ठेवून बेस वाढवला तर ऐकू काहीच येत नाही, पॉवर ॲम्पची ताकद मात्र खर्च होते. आवाज आपोआप दाबणारा लिमिटर लागतो आणि तुमच्या प्रत्येक खालच्या सुराबरोबर गायकाचा आवाजही दबतो. दोष बहुतेक वेळा ढोलकीवाल्याच्या माथी जातो.

म्हणून सब (खालच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) नसलेल्या हॉलमध्ये स्विच ८० वर आणि नॉब १२ वाजताच्या जागेपासून किंचित पुढे, बस. मैदानात १८ इंची सबची जोडी असेल तरच ४० कडे जा, तेही आधी एक फेरफटका मारून. बंदिस्त नाट्यगृहात खालचा आवाज मागच्या रांगांत आणि कोपऱ्यांत साठतो, तिथे ८० वर ठेवून नॉब उलट थोडा मागे घ्यावा लागतो. आणि मैदानातल्या कार्यक्रमात रात्रीचे दहा जवळ आले की सबच आधी खाली येतात, हे गृहीत धरूनच आवाज बांधा; ज्यांचा सगळा बास सबवर उभा असतो ते शेवटच्या चार गाण्यांत गायब होतात.

मिडचं गणित सोपं आहे. भावगीत, सुगम, लावणी, जिथे हार्मोनियम आणि आवाज पुढे असतात, तिथे ५०० वर ठेवून एक-दीड वाजेपर्यंत वाढवा. सूर गोल राहतो आणि नेमका कळतो. कोळीगीतं, नाचाची गाणी, रिमिक्स, जिथे किक सतत चालू आहे, तिथे १००० वर ठेवलं तर बोटाचा ठोका किकच्या वरून निघतो. गोव्यात तियात्राच्या (कोंकणी संगीतनाट्याच्या) बँडबरोबर वाजवत असाल तर ट्रंपेट-सॅक्सोफोन १००० च्या भोवती भरपूर जागा घेतात. तिथे पुन्हा ५०० बरं.

ड्राइव्ह, प्रेझेन्स, ब्लेंड हे तीन नॉब एकत्र समजून घ्या. ड्राइव्ह सूर फाडतो, प्रेझेन्स वरची चकाकी वाढवतो. ब्लेंड म्हणजे तुमचा मूळ सिग्नल आणि सॅन्सॅम्पचं सर्किट यांचं मिश्रण. ब्लेंड पूर्ण डावीकडे असेल तर ड्राइव्ह आणि प्रेझेन्स फिरवून काहीच फरक पडणार नाही, बेस-मिड-ट्रेबल मात्र तरीही चालतात. पेडल बिघडलंय असं समजून दुकानात परत नेणारे बहुधा इथेच फसतात. सुरुवातीला ड्राइव्ह १० वाजता, प्रेझेन्स ९ वाजता, ब्लेंड १२ ते १, बाकी सगळं १२ वर. प्रेझेन्स ११ च्या पुढे गेला की बोटं तारेवर घसरल्याचा आणि तार फ्रेटवर आपटल्याचा आवाज समोरच्या हॉर्नमधून करकरीत येतो, शिवाय शांत गाण्यात सुरसुर जाणवते. सुगम संगीताला ब्लेंड ९-१० पुरतो. पूर्ण उजवीकडचा ब्लेंड रॉक बँडसाठी ठेवा, आणि तेव्हा मिड वाढवायला विसरू नका. ॲक्टिव्ह बासचा आउटपुट जोरदार असतो. ड्राइव्ह कमी असूनही सूर फाटत असेल तर आधी बासवरचा बेस-बूस्ट शून्यावर आणा.

लेव्हलचा नॉब असा लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची उंची तीच राहील. कारण पायाने बंद केलं तरी एक्सएलआरमधून (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या आउटपुटमधून) सिग्नल जातच राहतो, फक्त साधा डीआय म्हणून. म्हणजे हे बटण म्यूट नाही. बास बदलायला केबल ओढलीत तर पूर्ण मांडवाला धडाका ऐकू जाईल. म्यूट हवा तर ट्यूनर इनपुटच्या आधी, ओळीतच लावा. पॅरलल आउटपुटला (जिथून बासचा सिग्नल आहे तसा बाहेर येतो) ट्यूनर जोडायची सोय आहे आणि त्याने मुख्य सिग्नल मोकळा राहतो खरा, पण मग म्यूट मिळत नाही. सुपारीवर म्यूट जास्त मोलाचा.

साउंड चेकला मिक्सरवरचा गेन पेडल चालू ठेवूनच लावून घ्या, आणि रोज वाजवता त्याहून जोरात वाजवून. जुन्या किंवा छोट्या मिक्सरचा माइक इनपुट फुटत असेल तर पेडलवरचं एक्सएलआरची पातळी खाली आणणारं स्विच वापरा. साऊंडवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं. मग एक चाचणी न चुकता करा: मोकळी ई तार छेडा, मग त्याच तारेचा बारावा फ्रेट. मोकळी तार स्पष्टपणे पोकळ वाटली तर चॅनेलवरचं लो-कट (खालचे सूर कापणारं) बटण दाबलेलं राहिलंय. ॲनालॉग मिक्सरवर ते ८०-१०० हर्ट्झच्या आसपास कापतं, आणि आदल्या कार्यक्रमात त्या चॅनेलवर माइक असेल तर ते हमखास दाबलेलंच असतं. डिजिटल मिक्सर असेल तर ३०-३५ हर्ट्झला फिल्टर लावायला सांगा, बाकी इक्यू (टोनचे नॉब) सपाट.

आता या पेडलची खरी अडचण. ते तीन प्रकारे चालतं: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ॲडॉप्टर, किंवा फँटम, म्हणजे मिक्सरमधून एक्सएलआर केबलवाटे येणारी वीज. फँटमवर चालतं म्हणून लोक बॅटरीच ठेवत नाहीत. पण फँटम आणि ग्राउंड जोडणी एकाच स्विचवर आहे. फँटमचा प्रवाह परत जातो तो एक्सएलआरच्या १ नंबरच्या पिनवरूनच, त्यामुळे ग्राउंड तोडलं की फँटमही गेला. जनरेटरवरच्या कार्यक्रमात ५० हर्ट्झची घूं सुरू होते, तुम्ही ग्राउंड तोडायला स्विच दाबता, घूं जाते आणि बासही जातो. आत ताजी अल्कलाइन बॅटरी असेल तर बास चालू राहतो. बॅटरी घालूनच ठेवा, मात्र काम झाल्यावर इनपुटमधली केबल काढा, कारण ती आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. फँटम चालू-बंद करताना चॅनेल म्यूट करायला सांगायचं, हे वेगळं सांगायला नको.

घूं नेमकी कुठून येते ते शोधायला दोन मिनिटं पुरतात. बासची केबल पेडलमधून काढा. घूं गेली तर ती पिकअपमधून किंवा केबलमधून येतेय. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जॅझ बासवरचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, लाइटच्या डिमरपासून दूर सरका, थोडं वळून उभे राहा. राहिली तर मंचावरच्या ॲम्पची केबल काढा. त्याने गेली तर ॲम्प आणि मिक्सर वेगळ्या पॉइंटवर आहेत. ॲम्पची वायर साऊंडच्याच बोर्डवर न्या, त्यानंतरही गरज उरली तरच ग्राउंड तोडा. तरीही राहिली तर ॲडॉप्टर काढून बॅटरीवर बघा. तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं स्वाभाविक आहे. पण तार आणि माइक एकाच वेळी लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा. बोर्डाला अर्थिंग नाही, आणि त्यावर पेडलचं स्विच हा इलाज नव्हे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून घूं घालवणारे लोक आजही भेटतात. त्यांच्या ॲम्पला हात लावू नका.

पेडलमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून ग्राउंड तोडूनही काही ठिकाणी घूं उरते. अनोळखी जागांवर नेहमी जाणाऱ्याने पुढे एक पॅसिव्ह डीआय ठेवावा: पेडलच्या साध्या आउटपुटमधून केबल डीआयमध्ये, आणि डीआयचा एक्सएलआर मिक्सरला. रेडियलचा जेडीआय यासाठी उत्तम. त्यात जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर आहे, वीज लागत नाही, फँटम चुकून आला तरी तिथेच थांबतो. स्वस्त पॅसिव्ह डीआयमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर छोटा असतो आणि पाच तारांच्या बासचा खालचा सूर त्यात चेपला जातो. घेण्याआधी दुकानात बी तार वाजवूनच बघा.

ॲडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. यामाहा कीबोर्डच्या १२ व्होल्ट ॲडॉप्टरमध्ये मधली पिन धन असते. कीबोर्डवाल्याकडचा उसना लावायचा मोह आवरा.

मागे ॲम्प मिळालाच तर त्याला पॅरलल आउटपुटमधून साधा सिग्नल द्या आणि ॲम्पचा आवाज फक्त स्वतःपुरता ठेवा. सॅन्सॅम्पचा रंगलेला आवाज ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये घातला तर प्रीॲम्पवर प्रीॲम्प चढतो आणि खाली नुसती घुमघुम होते. रंगलेलाच आवाज हवा असेल तर ॲम्पच्या मागे इफेक्ट्स रिटर्न असतो, तिथे द्या. कॅबिनेटला माइकही लावणार असतील तर दोन्ही चॅनेल एकत्र ऐकताना माइकच्या चॅनेलची पोलॅरिटी उलटी करून बघायला सांगा. ज्या बाजूला खालचा आवाज भरतो ती बाजू ठेवा.

पैसे कमी असतील तर बेहरिंजरचा बीडीआय२१ जुन्या सहा नॉबच्या सॅन्सॅम्पच्याच वळणाचा आहे आणि किंमत कितीतरी कमी. मिड नाही, डबी प्लास्टिकची. ब्लेंड ११ च्या पुढे न नेता आणि मिक्सरवर ५०० हर्ट्झ थोडं वाढवून घेतलं तर त्यावर सुपारी निभावते. पायाखाली चेंगरणार नाही एवढं बघा. बॅगेत राखीव म्हणून ठेवायला तर तो उत्तमच.

सॅन्सॅम्प जुना विकत घेताना आधी नॉब मोजा: सात असतील तरच नवी आवृत्ती. मग बॅटरी काढून फक्त फँटमवर चालवून बघा, प्रत्येक नॉब वाजवता वाजवता पूर्ण फिरवून खरखर येते का ते ऐका, आणि इनपुटमधली केबल हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर जॅकचं सोल्डर सुटलंय. ते काम स्थानिक कारागीर करून देतो, पण किंमत ठरवताना सांगायला उपयोगी पडतं.