खवले किडीसाठी निम तेल १०००० पीपीएम : चालतं, पण बाटलीवर लिहिलंय तेवढं नाही

गच्चीवरच्या लिंबाला अन् कढीपत्त्याला खवले कीड लागली म्हणून परभणीच्या नव्या मोंढा बाजारातून या निम तेलाची पाव लिटरची बाटली आणली (पीपीएम म्हणजे कीड मारणारा कडुलिंबाचा अर्क, अझाडिरॅक्टिन, त्यात किती आहे त्याचं माप). दुकानदार आधी भलतंच जालीम औषध काढत होते, म्हटलं अहो कढीपत्ता रोज फोडणीत जातो, मंग हे दिलं.

बऱ्याच जणांना ही कीड आहे हेच कळत नाही, फांदीवर तपकिरी टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं अन् हलत तर काहीच नाही, लोकांना वाटतं सालच तशी असंल. नखानं खरवडून बघा, निघते. पानं चिकट झालीत, वरून काळी बुरशी अन् मुंगळ्यांची ये-जा चालू, मंग तर नक्कीच.

आता बाटलीवर लिहिलंय 'समूळ नायनाट'. असं काही होत नाही भाऊ. मोठ्या किडीच्या अंगावर मेणाचं कवच असतं, फवारा वरून ओघळून जातो. तेलाचा खरा मार बसतो तो नुकत्या निघालेल्या पिल्लांवर, ती कवच धरायच्या आधी फिरत असतात तेव्हा. म्हणून लै भरलेल्या फांद्या आधी कापून टाकायच्या, बाकीच्या जुन्या टूथब्रशनं साबणाचं पाणी लावून घासायच्या अन् मंग फवारायचं, पानाच्या खालून पण. कवचाखाली अंडी राहतातच त्यामुळं ८-१० दिवसांनी परत मारावं लागतं, एकदा मारून "फरक नाही पडला" म्हणणाऱ्यांचं इथंच चुकतं. मुंगळ्यांचा बंदोबस्त पण करा, ते किडीनं सोडलेला चिकट गोड रस खायला येतात अन् किडीला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात.

चांगलं काय तर पाण्यात टाकलं की दुधाळ होतं, फवाऱ्यात मिसळायला वेगळा साबण लागत नाही. लिटरला २-३ मिली पुरतं, १५०० पीपीएमवालं स्वस्त असतं पण ते ५ मिली लागतं. वास मात्र बेक्कार, शेजारच्या वहिनींनी खिडक्याच लावून घेतल्या. अन् फवारणी संध्याकाळीच, जगात जर्मनी भारतात परभणी ते ठीक आहे पण आपल्या उन्हात तेल मारलं की पानं करपतात.

लिंबाला आता नवी पालवी स्वच्छ आहे, कढीपत्त्यावर बुडाशी थोडी आहे अजून. ५ पैकी साडेतीन. घरच्या कुंड्यांसाठी लहानच बाटली घ्या अन् तारीख बघून घ्या, जुन्या मालाला दम राहत नाही.