सुप्रीम कोर्टात वकिली: एओआर (अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड) व्हायचं की आहे त्या सनदेवर उभं राहायचं?

सुप्रीम कोर्टात उभं राहायला वेगळी सनद लागते असं छातीठोक सांगणारे लोक पक्षकारांपेक्षा बार रूममध्येच जास्त भेटतात. तशी कुठली सनद नसते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे, एआयबीई (सनदेनंतरची ऑल इंडिया बार एक्झाम) पास आहात, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३० प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांत वकिली करता येते आणि त्यात सुप्रीम कोर्टाचं नाव स्पष्ट लिहिलंय (कायदा १९६१ चा आणि हे कलम लागू केलं १५ जून २०११ ला, पन्नास वर्षं निवांत पडून होतं). दिल्लीतलं मॅटर चालवायला सनद दिल्ली बार कौन्सिलकडे ट्रान्सफर करावी लागते हेही तसंच हवेतलं. आणि दहा वर्षं प्रॅक्टिस पाहिजे म्हणतात ना, ती अट राज्यघटनेच्या कलम १२४ मधली आहे, न्यायाधीश होण्यासाठीची, वकिलासाठीची नाही, कुणीतरी दोन्हीची भेळ केली आणि ती पुढे चालत राहिली.

मग अडतं कुठे? तर फायलिंगला. घटनेच्या कलम १४५ खाली सुप्रीम कोर्टाला स्वतःचे नियम करायचा अधिकार आहे, सध्याचे २०१३ चे नियम १९ ऑगस्ट २०१४ पासून लागू आहेत, आणि त्यातली ऑर्डर ४ म्हणते की वकीलपत्र दाखल करणं, याचिका फाइल करणं हे काम फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड म्हणजे एओआर करणार, आणि बाकीच्या वकिलांनी एओआरच्या सूचनेवरून किंवा कोर्टाच्या परवानगीने बाजू मांडायची. बस एवढंच. यातून 'एओआर नसेल तर आर्ग्यू करता येत नाही' हा गैरसमज निघाला आणि त्याच्या उलटा दुसरा पण निघाला, की एओआर फक्त सह्या करतो, बोलायचं काम दुसऱ्यांचं. दोन्ही चूक. नॉन-एओआर वकील एओआरने ब्रीफ केलं की पूर्ण मॅटर आर्ग्यू करू शकतो, आणि एओआर स्वतःही करू शकतो, बरेच जण करतातच.

आता ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवू. समजा साताऱ्याचा पक्षकार आलाय, हायकोर्टाचा निकाल विरोधात गेलाय, एसएलपीची (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणाऱ्या याचिकेची) ९० दिवसांची मुदत संपायला आठवडा उरलाय. तुम्ही नॉन-एओआर असाल तर ड्राफ्ट तुम्ही करा, सातबारा, फेरफार, खालच्या कोर्टातले मराठी जबाब सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, पण शेवटी एक एओआर शोधायचा, त्याला फाइल समजावायची, त्याची फी पक्षकाराला सांगायची, रजिस्ट्रीने (कोर्टाच्या फायलिंग ऑफिसने) डिफेक्ट म्हणजे फाइलमधल्या त्रुटी काढल्या की पुन्हा त्याच्याच ऑफिसला फोन, आणि त्याच्या क्लार्कला तुमच्या मॅटरची घाई वाटेलच असं नाही. एओआर असाल तर ही मधली पायरी जाते, अख्खं मॅटर तुमच्या हातात. पण ओझंही अख्खं तुमच्यावरच येतं. कोर्टाच्या फीला एओआर व्यक्तिशः जबाबदार असतो, याचिकेत काही खोटं किंवा दडवलेलं निघालं तर खंडपीठ आधी त्याला उभं करतं, आणि नुसतं नाव वापरायला देणाऱ्या एओआरना तर कोर्टाने २०१३ मध्ये रामेश्वर प्रसाद गोयल प्रकरणात चांगलंच सुनावलं होतं. म्हणून मित्राच्या मॅटरवर 'सही तेवढी करून दे' हा प्रकार वाटतो तितका साधा नाही, देणाऱ्यालाही आणि मागणाऱ्यालाही.

एओआर होण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्याबद्दल तर विचारूच नका इतक्या अफवा आहेत. चार वर्षं प्रॅक्टिस झाली की लगेच बसता येतं असं खूप जण धरून चालतात, पण नियम असा की ट्रेनिंग सुरू होण्याच्या तारखेला बार कौन्सिलच्या रोलवर (वकिलांच्या यादीत) चार वर्षं झालेली पाहिजेत, मग कोर्टाने मान्य केलेल्या एओआरकडे एक वर्ष ट्रेनिंग, आणि मग परीक्षा. म्हणजे लवकरात लवकर धरलं तरी पाच वर्षं गेलीच. चार पेपर असतात: प्रॅक्टिस अँड प्रोसिजर, ड्राफ्टिंग, अ‍ॅडव्होकसी आणि प्रोफेशनल एथिक्स, आणि लीडिंग केसेस. प्रत्येकात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के पाहिजेत, त्यामुळे चारही पेपरमध्ये पन्नास पन्नास मिळवून 'पास झालो' म्हणणारा माणूस खरं तर नापास असतो, ४०० पैकी २४० लागतात. आणि चान्स पाचच. सहज बसून बघू म्हणून एकच पेपर दिला तरी एक चान्स गेला, हे फॉर्म भरायच्या आधी डोक्यात ठेवा. पुस्तक उघडून देऊ म्हणाल तर तसं इथे नाही.

पास झालं की संपलं, हाही गैरसमजच. दिल्लीत कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत ऑफिस लागतं आणि नोंदणीनंतर महिन्याभरात रजिस्टर्ड क्लार्क ठेवण्याची हमी द्यावी लागते. ई-फायलिंग आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आल्यापासून लोकांना वाटतं पुण्यात बसून एओआरगिरी होईल, तर नियम अजून १६ किलोमीटरलाच धरून आहे. उलट व्हीसीचा खरा फायदा नॉन-एओआरला झालाय असं माझं मत, फायलिंग दिल्लीच्या एओआरकडे द्यायचं आणि आर्ग्युमेंट नागपूर किंवा कोल्हापुरात बसून करायचं हे आता जमतं.

ही परीक्षाच बेकायदेशीर आहे, चॅलेंज केली की उडेल, असंही अधूनमधून कानावर येतं. ते करून झालंय. लिली थॉमस यांनी केलं होतं, १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम करायचा आपला अधिकार कायम ठेवला. दोषी लोकप्रतिनिधींच्या अपात्रतेबद्दलचा २०१३ चा गाजलेला निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्याच या लिली थॉमस.

मुंबईवाल्यांसाठी एक वेगळी वाट आहे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेच्या रोलवरचा सॉलिसिटर असेल आणि बार कौन्सिलच्या रोलवर सात वर्षं झाली असतील, तर त्याला एओआरचं ट्रेनिंग पण माफ आणि परीक्षा पण माफ. अर्थात सॉलिसिटरची परीक्षा काही कमी त्रासाची नाही, त्यामुळे फक्त एओआरसाठी म्हणून ती द्यायला निघू नका, पण फर्ममध्ये आर्टिकलशिप (सॉलिसिटर होण्यासाठीची उमेदवारी) करतच असाल तर हा हिशेब मनात असू द्या.

सीनियर अ‍ॅडव्होकेट ही एओआरच्या वरची पायरी आहे असं समजून 'आधी एओआर मग सीनियर' असा जिना चढणारे पण दिसतात. तसा जिना नाही. सीनियर हा दर्जा कोर्ट देतं, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम १६ खाली, आणि तो मिळाला की उलट वकीलपत्र दाखल करता येत नाही, सुप्रीम कोर्टात एओआरशिवाय उभं राहता येत नाही. सीनियर निवडायची मार्कांची जी पद्धत २०१७ मध्ये इंदिरा जयसिंग प्रकरणातून आली ती पण कोर्टाने मे २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पॉइंट मोजत बसलेल्यांनी तो कागद फाडला तरी चालेल.

मग कुणी काय करावं? वर्षाला दोनचार मॅटर दिल्लीला जातात आणि बाकी सगळी प्रॅक्टिस औरंगाबाद खंडपीठात किंवा ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचला आहे, तर माझ्या मते एओआरच्या भानगडीत पडू नका, एक भरवशाचा एओआर धरून ठेवा, शक्यतो मराठी वाचता येणारा, कारण फेरफाराच्या भाषांतरात शब्द इकडचा तिकडे झाला की मॅटरचं वजन बदलतं. दिल्लीत राहायचंच आहे आणि जिल्ह्यातले, हायकोर्टातले वकील मॅटर पाठवतील इतकी ओळख आहे, तर मात्र परीक्षा द्या, कारण ते वकील आधी फायलिंग करून देणारा शोधतात, आर्ग्यू करणारा नंतर. अधलंमधलं, म्हणजे दिल्लीत सीनियरच्या चेंबरमध्ये नॉन-एओआर म्हणून बरीच वर्षं काढायची, हे ड्राफ्टिंग शिकायला उत्तम, पण मार्च २०२५ च्या निकालानंतर हजेरी प्रत्यक्ष आर्ग्यू करणाऱ्याची आणि सोबत मदतीला असलेल्या एकाचीच लागते, मागे उभं राहून नाव ऑर्डरशीटवर येण्याचे दिवस गेले.

आणि ट्रेनिंग घ्यायचं ठरलंच तर एओआर निवडताना त्याच्याकडे मॅटर किती येतात हे विचारण्याआधी रजिस्ट्रीने काढलेले डिफेक्ट दुरुस्त करायला तो ज्युनियरला पाठवतो की फक्त क्लार्कला, हे विचारा, प्रोसिजरच्या पेपरचा निम्मा अभ्यास त्या काउंटरवरच होतो.