हायवेकडेला गायगर काउंटर: घ्यावा का, आणि घेतला तर लावायचा कुठे

जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय पुन्हा तापला की कोल्हापुरात एक प्रश्न हमखास येतो. उद्या किरणोत्सारी माल घाट चढून आपल्या बाजूने जाणार असेल, तर आपल्याला कळणार कसं? आणि मग दुसरा: ऑनलाइन मिळतो तो किरणोत्सर्ग मोजणारा हातातला गायगर काउंटर घेऊन हायवेकडेला ठेवला तर ट्रक सापडेल का? हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

बाजारातल्या स्वस्त यंत्रांवर नावं वेगवेगळी असतात, पण आत बहुतेक वेळा जे३०५ किंवा एम४०११ ही काचेची ट्यूब असते. थोड्या यंत्रांत सोव्हिएत काळातली एसबीएम-२० ही धातूची ट्यूब मिळते. स्क्रीन रंगीत असो की साधी, यंत्राचा स्वभाव ट्यूब ठरवते. तेव्हा विकत घेताना पहिला प्रश्न ट्यूब कुठली हाच विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढचं दुकान बघा.

काम साधं आहे. ट्यूबमध्ये वायू भरलेला असतो आणि तिच्यावर सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. किरण आत शिरला की क्षणभर वीज वाहते आणि ‘टक’ असा ठोका पडतो. यंत्र मिनिटाचे ठोके मोजतं आणि ठरलेल्या गुणकाने त्याचे मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचं एकक) प्रति तास करून दाखवतं. जे३०५ साठी मिनिटाच्या साधारण १५४ ठोक्यांना १ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास असा हिशेब धरतात. ठोके हे खरं मोजमाप, मायक्रोसिव्हर्ट हा त्यावरचा अंदाज. वहीत नेहमी ठोके लिहा.

आपल्याकडे उघड्या माळावर मिनिटाला १५ ते २५ ठोके आले तर यंत्र ठीक चाललंय असं समजा. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम-थोरियमने गरीब आहे. घरात ग्रॅनाइटच्या ओट्यावर यंत्र ठेवलं तर आकडा थोडा चढू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एका मिनिटाचा आकडा म्हणजे काहीच नव्हे. २० ठोक्यांत चार-पाच ठोक्यांचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. १० मिनिटं मोजून २०० ठोके जमवले की तीच अनिश्चितता साधारण ७ टक्क्यांवर येते. एका मिनिटाच्या २८ वरून व्हॉट्सअॅपवर संदेश फिरवणं हा या यंत्राचा सगळ्यात वाईट वापर, आणि तो सगळ्यात जास्त होतो.

आता ट्रकचा हिशेब. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत किरणोत्सारी माल नेणाऱ्या वाहनापासून २ मीटरवर कमाल मर्यादा आहे ०.१ मिलिसिव्हर्ट प्रति तास, म्हणजे १०० मायक्रोसिव्हर्ट. मर्यादेला टेकलेलं असं वाहन ताशी ६० किलोमीटरने तुमच्या २ मीटरवरून गेलं तर सेकंदभरात अडीचशे ठोके पडतील, यंत्र ओरडेल. पण हायवेच्या कडेला २ मीटरवर कुणी उभं राहत नाही, आणि प्रत्येक वाहन मर्यादेला टेकलेलं नसतं. समजा तुमच्या जागी ट्रकमुळे १ मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाची वाढ झाली. तर सेकंदाला अडीच-तीन ठोके. ट्रक दीड सेकंदात निघून गेला. मिनिटाच्या नोंदीत २० च्या जागी २४ दिसले, आणि ते चार ठोके योगायोगाच्या चढउतारात विरघळले. म्हणून यंत्रात नोंद दर मिनिटाला न ठेवता दर सेकंदाला ठेवण्याची सोय हवी, आणि ती सुरू हवी. बहुतेक यंत्रं पेटीतून निघतात तेव्हा मिनिटावर लावलेली असतात. दर सेकंदाची नोंद ठेवूनही काही सापडलं नाही, तर त्यावरून ‘काही गेलं नाही’ असं म्हणता येत नाही. न्यूट्रॉन या ट्यूबला जवळजवळ दिसतच नाहीत, अल्फा कण काचेतून आत येत नाहीत.

तेव्हा धावता ट्रक पकडण्यासाठी हे यंत्र घेऊ नका. उभ्या ट्रकसाठी घ्या. वस्तीतून वाहतुकीला विरोध करणाऱ्यांची बाजू तिथेच सगळ्यात भक्कम आहे.

हिशेब बघा. मर्यादेला टेकलेलं वाहन २ मीटरवरून सेकंदभरात गेलं तर माणसाला मिळते ती मात्रा पाव तासाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढी. तेच वाहन वाहतूक कोंडीत अर्धा तास शेजारी थांबलं तर ५० मायक्रोसिव्हर्ट. आणि घराच्या भिंतीपासून २ मीटरवर २४ तास उभं राहिलं तर २.४ मिलिसिव्हर्ट. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. नियमांतले आकडे चालत्या प्रवासात सुरक्षित वाटतात, थांब्याला तेच आकडे डोईजड होतात.

कोल्हापुरात गाड्या थांबतात, हे कुणाला सांगायला नको. तावडे हॉटेलचा चौक आहे, उत्तरेला किणीचा टोल, दक्षिणेला कोगनोळीचा. आणि पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या. वापरलेलं अणुइंधन नेणाऱ्या टाइप बी पेटीची चाचणी कडक असते: ९ मीटरवरून न वाकणाऱ्या पृष्ठभागावर आपटणं, १ मीटरवरून पोलादी दांड्यावर पाडणं, ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं, १५ मीटर खोल पाण्याच्या दाबाखाली ८ तास. पेटी पुरात फुटेल असं कुणी म्हणत नाही. प्रश्न असा आहे की रस्ता बंद झाल्यावर ते वाहन चार दिवस कुठे उभं करणार, त्याच्यापासून पहिलं घर किती मीटरवर, आणि तालुक्यातल्या कुठल्या माणसाला हे माहीत असेल. पेटीच्या चाचणीत या प्रश्नांची उत्तरं नाहीत.

उभ्या वाहनासमोर हे छोटं यंत्र खरोखर उपयोगी पडतं. १० मीटरवर १ मायक्रोसिव्हर्टची वाढ म्हणजे २० ठोक्यांचे पावणेदोनशे. अर्ध्या मिनिटात कळतं, शंकेला जागा राहत नाही. त्यासाठी टोलजवळच्या ट्रक टर्मिनलवर, ढाब्याच्या वाहनतळावर आधीच महिनाभर रोज १० मिनिटांची नोंद हवी: तारीख, वेळ, जागा, जमिनीपासून १ मीटर उंची, ठोके, पाऊस होता का. ही वही नसेल तर त्या दिवशीच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

पाऊस लिहायचा, हे महत्त्वाचं. वळीव कोसळला की हवेतल्या रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सारी वायूची) पिल्लं, म्हणजे त्यापासून बनलेली मूलद्रव्यं, थेंबांबरोबर खाली येतात आणि ठोके झरझर चढतात. २० चे ३० होणंही शक्य. या मूलद्रव्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी होण्याचा वेळ, २०-२७ मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा आपोआप मूळ जागी येतो. उतरण अशी अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी होत असेल तर तो पाऊसच. मृगाच्या पहिल्या सरीला शंभर गावांत शंभर यंत्रं एकदम चढली तर त्यात ट्रकचा काही संबंध नसतो.

दुसरा चकवा पोटॅशचा. उसाला टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे किरणोत्सारी असतं. ५० किलोच्या पोत्याला यंत्र टेकवलं की फरक लगेच दिसतो, पोत्यांनी भरलेला ट्रक शेजारी उभा राहिला तर आणखी. यातून एक फायदा काढा: कृषी सेवा केंद्रातून आणलेलं पोतं हे यंत्र तपासायचं घरगुती साधन आहे. पोत्याजवळ आकडा हलत नसेल तर ट्यूब मेली. जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असायचा, तशी जाळी हाताशी असेल तर आणखी झटकन कळतं. जाळी मात्र प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतच ठेवा, तिची राख हातावर, श्वासात नको.

तिसरा चकवा माणूस. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला किंवा टेक्नेशियमचा स्कॅन करून आलेला रुग्ण एसटीत शेजारी बसला तर यंत्र वाजतं. त्याच्याकडे बोट दाखवू नका. शिवाय टेक्नेशियमसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांना या ट्यूबा प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात, मायक्रोसिव्हर्टचा आकडा खऱ्याहून फुगलेला असतो.

यंत्राच्या स्वतःच्या खोडीही आहेत. काचेची ट्यूब थेट उन्हात धरली तर प्रकाशानेच खोटे ठोके पडतात. पाठीमागे जाळी असलेल्या यंत्रांत हे जास्त होतं, म्हणून सावलीत मोजा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची दमट हवा उच्च दाबाच्या सर्किटवर बसते, गळती होते, आणि यंत्र रिकाम्या खोलीत शेकड्याने ठोके दाखवतं. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवलं की बहुधा ताळ्यावर येतं. शेजारी मोबाइलवर कॉल चालू असेल तर काही यंत्रं बावचळतात. आणि सगळ्यात धोकादायक खोड: किरणोत्सर्ग फारच तीव्र असेल तर ट्यूब गुदमरते, आकडा पडतो, कधी शून्य होतो. चालत पुढे जाताना ठोके वाढत वाढत अचानक थांबले तर पुढे पाऊल टाकू नका, मागे फिरा.

कागदावर हा आकडा किती टिकतो? मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र नसेल तर जवळजवळ नाहीच. ग्रामसभेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात ‘आमच्या यंत्राने दाखवलं’ म्हटलं की पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा येणार. यंत्राचा आकडा पुढच्या मोजणीची मागणी करण्यासाठी वापरा.

विरोधाला यश कशाने आलं, ते इथे पाहण्यासारखं आहे. जर्मनीत गोर्लेबेनच्या साठवण केंद्रात १९९५ ते २०११ या काळात अणुकचऱ्याच्या पेट्या आल्या आणि लोक रुळांवर, रस्त्यावर बसले. तरी १९९८ साली ती वाहतूक थांबली ती पेट्यांच्या बाह्य पृष्ठभागावर मर्यादेपेक्षा जास्त दूषितता सापडल्यामुळे, आणि उद्योगाला ते आधीपासून माहीत होतं हे उघड झाल्यामुळे. ती पुन्हा सुरू व्हायला २००१ उजाडलं. ही मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला ४ बेक्वेरेल (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). ती कापडाने पुसून प्रयोगशाळेत मोजतात, रस्त्याकडेच्या गायगर काउंटरला ती कधीच दिसली नसती. आपल्याकडे २०१२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत अणुकचरा ठेवण्याची चर्चा निघाली, लोक उतरले, आणि तसा बेत नसल्याचं सरकारला सांगावं लागलं. तिथेही लढा न्यायालयातल्या कागदावरून पेटला होता. म्हणून यंत्रावर खर्च करताना पुसणी-चाचणीचे अहवाल, थांब्यांची यादी आणि आपत्कालीन आराखडा मागणारा अर्जही लिहा. यंत्राइतकाच तो महत्त्वाचा.

एक गोष्ट विरोधकांनी स्वतःशीही प्रामाणिकपणे मान्य करावी. भारतात कमी तीव्रतेचा अणुकचरा बहुतेक प्रकल्पाच्या आवारातच पुरला जातो. लांबचा प्रवास करायचा तो मुख्यतः पुनर्प्रक्रियेला जाणाऱ्या वापरलेल्या इंधनाला. आणि आज कोल्हापूरच्या रस्त्यांवरून जाणारा किरणोत्सारी माल शोधायचा तर तो रुग्णालयांसाठीच्या स्रोतांत आणि वेल्डिंग-कास्टिंग तपासणाऱ्या इरिडियम-१९२ च्या कॅमेऱ्यांत शोधा. त्या पेटीवर पिवळं लेबल असतं आणि चौकटीत ‘ट्रान्सपोर्ट इंडेक्स’चा आकडा. त्याला १० ने गुणलं की १ मीटरवरचे मायक्रोसिव्हर्ट प्रति तास मिळतात. इंडेक्स २ म्हणजे २०. यंत्र काढण्याआधी लेबल वाचा, ते अधिक अचूक आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांसाठी तर हे यंत्र आजच घेण्यासारखं आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेल्या उपकरणातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० फोडला गेला आणि एका माणसाचा जीव गेला. २००८ मध्ये भारतीय पोलादापासून बनलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० फ्रान्समध्ये सापडला. भट्टीत एकदा गेलेला स्रोत परत काढता येत नाही. भंगाराची गाडी उतरवण्याआधी चारही बाजूंनी, फळीपासून वीतभर अंतरावर, सेकंदाला १० सेंटिमीटरच्या गतीने यंत्र फिरवा. लोखंडाचा ढीग स्वतःच आडोसा करतो, म्हणून गाडी रिकामी होताना दुसऱ्यांदा. आकडा नेहमीच्या दुप्पट झाला तर उतरवणं थांबवा.

खरेदीसाठी शेवटचं: शक्य असेल तर एसबीएम-२०, काचेच्या ट्यूबपेक्षा ती ऊन आणि धक्के जास्त सोसते. दर सेकंदाची नोंद हवी, बदलता येणारी बॅटरी हवी, आवाज बंद करायची सोय हवी. अॅपशिवाय चालणारं यंत्र घ्या.

आणि खरोखरच आकडा चढला, पाऊस नाही, पोटॅश नाही, तर वाहनाच्या जवळ जाऊन खात्री करत बसू नका. ३० मीटर मागे या, लोकांना मागे घ्या, कशालाही हात लावू नका. गाडीचा क्रमांक, नारिंगी पाटीवरचा चार आकडी क्रमांक, वेळ आणि जागा लिहा, ११२ ला फोन लावा आणि मदत येईपर्यंत वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. ३० मीटरवरही यंत्र १०० मायक्रोसिव्हर्टच्या वर असेल तर ते खाली येईपर्यंत मागे सरका.