डेबियन १३ वर पोस्टग्रेस १७ : हळदीचा हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

'कोलेशन व्हर्जन मिसमॅच', म्हणजे अक्षरांचा क्रम लावायच्या नियमांची आवृत्ती जुळत नाही. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या १२ वरून १३ वर गेल्यापासून रात्रीच्या बॅकअपच्या मेलमध्ये रोज हीच वॉर्निंग यायची. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, खरेदीदारांची येणी, सगळं एका असेंबल केलेल्या पीसीवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांना फोन केला. उत्तर मिळालं, "त्याकडं लक्ष देऊ नका, काही होत नाही. व्हर्जन बदलायचं असेल तर वेगळा चार्ज पडेल." वर्षाच्या देखभालीचे पैसे आगाऊ घेऊन हे उत्तर! संताप आला आणि मीच कामाला लागलो.

डेबियन १३ मध्ये पोस्टग्रेस १५ च्या जागी १७ आहे, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. पण ओएस अपग्रेड झालं म्हणून डेटा १७ वर जात नाही. नवा रिकामा क्लस्टर (पोस्टग्रेसचा स्वतंत्र डेटासंच) ५४३३ पोर्टवर तयार होतो आणि आपलं काम ५४३२ वर जुन्या १५ मध्येच चालू राहतं. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही कमांड टाकली की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. आधी माझं मत होतं की राहू दे १५ च, त्याला नोव्हेंबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या आहेत. नंतर लक्षात आलं की त्या दुरुस्त्या पोस्टग्रेसवाले काढणार, पण डेबियन १३ च्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) १५ नाहीच. मग नुसतं 'ॲप्ट अपग्रेड' मारून त्या आपल्यापर्यंत पोचणार कशा? तिथं मत बदललं.

आता त्या वॉर्निंगबद्दल, कारण माझ्या लेखी या अपग्रेडमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. आमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये नावांचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, ग्लिबसी या सिस्टमच्या मूळ लायब्ररीला विचारतो. डेबियन १२ मध्ये ग्लिबसी २.३६, १३ मध्ये २.४१. इंडेक्स ही क्रमानं लावलेली यादी असते. क्रमाचा नियम बदलला आणि यादी जुन्या नियमाचीच राहिली, तर असलेलं नाव सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तेच खातं दुसऱ्यांदा उघडतं. २०१९ साली डेबियन १० बरोबर ग्लिबसी २.२८ आलं तेव्हा क्रम खरोखर बदलला होता. आमच्याकडं एकाच गावचे, एकाच नावाचे कितीतरी पाटील आहेत. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खात्यावर पडली तर शेतकरी दारात उभा राहणार आणि त्याचंच बरोबर असणार. 'काही होत नाही' म्हणणाऱ्याला त्याच्यासमोर उभं राहायचं नसतं.

'पीजी_ॲमचेक'नं तपासलं तेव्हा आमचे इंडेक्स व्यवस्थित निघाले. तरीही मी ते तसेच पुढं नेले नाहीत. 'पीजी_अपग्रेडक्लस्टर'ची डिफॉल्ट पद्धत डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढून नव्यात भरायची आहे. वेळ जास्त लागतो, पण इंडेक्स नव्यानं बांधले जातात आणि क्रमाची शंका मिटते. 'अपग्रेड' मोड झटपट होतो, पण त्यात जुन्या इंडेक्सच्या फाइली तशाच पुढं येतात. डेटा लहान असेल तर त्या झटपटच्या नादी लागू नका.

मी थोडं पुढं गेलो. १७ मध्ये बिल्टइन नावाचा लोकेल प्रोव्हायडर, म्हणजे क्रमाचे नियम पुरवणारा पोस्टग्रेसचा स्वतःचा भाग, आलाय. 'टेम्प्लेट०' या कोऱ्या साच्यावरून त्यातल्या 'सी.यूटीएफ-८' लोकेलनं नवा डेटाबेस बनवला आणि डंप त्यात भरला. आता क्रम ग्लिबसीच्या हातात नाही, त्यामुळं पुढं डेबियन बदललं तरी या डेटाबेसला ग्लिबसीमुळं ही वॉर्निंग येणार नाही. यात एक अडचण आहे: क्रम अक्षरांच्या कोडप्रमाणं लागतो. खातेयादी छापली तर क्षीरसागर कोळींच्या खाली आणि खाडेंच्या वर. आमच्या दिवाणजींना ते अजिबात चालेना, आणि त्यांचं बरोबर होतं. बाराखडी शिकलेला माणूस 'क्ष' शेवटी शोधतो. मग फक्त यादीच्या क्वेरीत 'ऑर्डर बाय'पुढं 'एमआर-आयएन-एक्स-आयसीयू' हे आयसीयू या भाषांच्या लायब्ररीतलं मराठी कोलेशन लावलं. क्षीरसागर 'ह'च्या सगळ्या नावांनंतर, 'ळ'च्याही पुढं, आपल्या जागी गेले. इंडेक्स त्यावर बांधलेला नसल्यानं उद्या आयसीयू बदललं तरी धोका नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा यादी मराठी माणसानं लावल्यासारखी आली, आणि त्यासाठी एक रुपया लागला नाही! मला फार आनंद झाला.

बाकी १७ चं कौतुक होतं ते व्हॅक्यूमला (बाद नोंदींच्या साफसफाईला) आता खूप कमी मेमरी लागते म्हणून. आमच्या आकाराच्या डेटाबेसला त्याचा फरक जाणवला नाही. इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा) बॅकअप कामाचा दिसतो, पण अजून सुरू केलेला नाही. वेग पूर्वीसारखाच. मार्च-एप्रिलमध्ये सौदे जोरात असताना पट्टी कधी अडकली नाही, आणि याच मशीनला रॅम वाढवून घ्या म्हणून सॉफ्टवेअरवाले मागं लागले होते, तो खर्च वाचला.

डेबियनबद्दल तक्रार एकच. कोलेशनसारखी एवढी महत्त्वाची गोष्ट लॉगमध्ये आणि मेलमध्ये येऊन भागत नाही, अपग्रेड चालू असतानाच स्क्रीनवर थांबून सांगायला हवी. ज्यांच्याकडं बॅकअपची मेल कुणी उघडत नाही त्यांनी आजच सर्व्हरवर 'पीएसक्यूएल'नं आपला डेटाबेस उघडून ही वॉर्निंग येते का पाहावं.

जुना १५ चा क्लस्टर हंगाम संपेपर्यंत बंद करून ठेवला होता, डिस्कवर जागा अडवत होता तरी. मे महिन्याचे हिशेब जुळल्यावर 'पीजी_ड्रॉपक्लस्टर' मारून तो काढून टाकला. देखभालीचा करार यंदा वाढवलेला नाही.