डबल स्लिट किट घेतलं, पैसे वसूल पण पुस्तिकेवर विश्वास ठेवू नका

म्हापशातल्या एका दुकानातून भाचीसाठी हे किट घेतलं, ती बारावी सायन्सला आहे. लाल लेसर, दोन चिरांची काचपट्टी आणि स्टँड. फोंड्याला घरी पडवीत रात्री लाईट बंद करून लावलं, दोन मीटरवर भिंत, आणि चुन्यावर लाल-काळे पट्टे उमटले, साधारण पाच पाच मिलिमीटरवर एक, भाची फूटपट्टी घेऊन मोजतच बसली. एक चीर चिकटपट्टीने झाकली की ते बारीक पट्टे गायब! खरंच अंगावर काटा आला.

बॅटरीचं झाकण ढिलं आहे, रबरबँड लावावा लागतो, ते चालेल. पण पुस्तिकेत लिहिलंय की या प्रयोगाने समांतर विश्वं सिद्ध होतात, हे साफ चूक आहे, मुलांना असं का सांगता. हे पट्टे तर साध्या लहरींनीही समजावता येतात, थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1800 च्या सुमारासच तसं सांगितलं होतं. समांतर विश्वांची कल्पना येते ती ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाकडून, पण त्याने 1957 मध्ये मांडलं ते वेगळंच, म्हणजे मोजमाप केल्यावर कणाच्या सगळ्या शक्यता सांगणारी क्वांटम लहर एकाच निकालावर कोसळत नाही, ती लहर कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण तसंच चालू राहतं आणि प्रत्येक शक्य निकाल आपापल्या फांदीत, म्हणजे जणू वेगळ्या विश्वात, घडतो. त्या फांद्यांचा एकमेकींशी संबंध जवळजवळ तुटतो म्हणून आपल्याला एकच दिसते. भाचीने विचारलं, मामा मग दुसऱ्या फांदीतली मी पण आत्ता मोजतेय का? एव्हरेटचं ऐकलं तर हो, पण त्याची भाकितं नेहमीच्या क्वांटम सिद्धांतासारखीच, त्यामुळे या किटने ते ठरणार नाही.

लेसर डोळ्यांत मारू नका. चार स्टार.